बडोदा, रात्रीचे तीन आणि माझ्या हातून ‘मेलेले’ मासे

बडोद्याला तीन दिवस होतो. लक्ष्मी विलास पॅलेस झाला, सयाजीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा पाहिला, सेव-उसळीने डोळ्यांत पाणी आणलं. लिहावंसं वाटतंय ते मात्र पहिल्या रात्रीबद्दल.

उतरलो होतो दांडिया बाजारात, आत्याकडे. गादी दिवाणखान्यात आणि उशाशीच काकांची माशांची टाकी. तिच्या पंपाची घरघर काही केल्या सहन होईना. अकराच्या सुमारास मी हळूच पंपाचं बटण बंद केलं. पाहुण्याने असं करू नये, कळतं मला.

तीनला जाग आली. मोबाईलची बॅटरी मारली तर निऑन टेट्रांच्या अंगावरची झगझगीत निळी रेघ गायब! जागी नुसता मळकट जांभळा पट्टा. मासे हलेनात. घाबरून काकांना उठवलं.

“अरे, निजलेत ते. पंप कोणी बंद केला?”

“लाईट गेली होती बहुतेक.”

काकांनी डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पंप आणि टाकीवरचा दिवा लावला.

आम्ही बसून राहिलो. काही मिनिटांत जांभळा निळसर झाला, मग तोच ओळखीचा निळा-हिरवा. काका प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, झोपमोड विसरून सुरू झाले. त्या रेघेत निळं रंगद्रव्य नसतंच म्हणे. कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानिनच्या पातळ पारदर्शक चकत्यांच्या थप्प्या असतात. आपल्या डीएनएतलं ग्वानिन तेच, आणि पापलेटची चांदीही त्याचीच. (हे ऐकून मला भूक लागली.) थप्पीतून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग चकत्यांमधल्या अंतरावर ठरतो: अंतर कमी तर जांभळा, वाढलं तर निळा-हिरवा. काकांनी जुन्या खिडकीच्या लाकडी पट्ट्या दांडीने वरखाली करून दाखवल्या. “चकत्या अशा कलल्या की अंतर बदलतं.” शेपटीकडचा लाल मात्र खरा रंगद्रव्याचा.

मी विचारलं, अंधार झाला हे पेशीला डोळे कळवतात का? नाही, या पेशी स्वतःच प्रकाश ओळखतात. 1984 मध्ये त्यांच्यातच प्रकाश टिपणारं द्रव्य सापडलं.

दुसऱ्या रात्री माझी गादी आतल्या खोलीत घातलेली होती. तिथला पंखा रात्रभर कुरकुरत होता. मी बटणाला हात लावला नाही.