टाकीत घालायचा दगड उकळायचा का? तुम्ही विचारलंत म्हणून

फिश टँकसाठी नदीतून दगड आणलाय, उकळू की ओव्हनमध्ये भाजू, हे मला सतत विचारलं जातं, आणि विचारणाऱ्याचा निम्म्या वेळा गॅस चालू असतो. तर आधी गॅस बंद करा.

ओव्हन नको, मायक्रोवेव्ह नको, थेट आचेवर नको आणि प्रेशर कुकर तर अजिबातच नको. नदीतला दगड वर्षानुवर्षं पाण्यात पडलेला असतो, बारीक भेगांमधून पाणी आत मुरलेलं असतं, वरून खडखडीत वाळलेला दिसला तरी आत ओल असतेच. शंभर डिग्रीच्या वर गेलं की त्या पाण्याची वाफ होते, तिला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते, ती दगडात कुठून मिळणार, मग गरम टवके उडतात. पवनेला कॅम्पिंगला जाऊन पाण्याकाठचेच दगड उचलून चूल मांडतात ना, तिथेही हाच धोका.

त्यात आपला पुण्याचा काळा दगड! साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि त्या लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी नंतर पांढरी-गुलाबी खनिजं भरली. वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हनसाइट जगभरातले लोक गोळा करतात, त्यातलाच प्रकार. या पोकळ्यांमध्ये बऱ्याचदा झिओलाइट नावाचं खनिज असतं, आणि त्यात पाणी स्फटिकाच्या रचनेतच असतं, म्हणजे आठवडाभर गच्चीत उन्हात टाकलात तरी जात नाही. १७५६ साली क्रोन्स्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने असं खनिज तापवलं तर ते फसफसायला लागलं. म्हणून पांढरे ठिपके भरलेला दगड तापवूच नका, शोकेसमध्ये ठेवा. त्या पांढऱ्यावर व्हिनेगर टाकून बुडबुडे आले तर ते कॅल्साइट, टाकीतलं पाणी जड करणार.

साधा, घट्ट दगड असेल तर पाण्यात तापवा, कारण उघड्या पातेल्यातलं पाणी पुण्याच्या उंचीला ९८ च्या आसपास उकळतं, त्याच्या वर जातच नाही. आणि खरं तर उकळी पण लागत नाही. गोगलगायी, त्यांची अंडी, जळवा, शेवाळ, हे सगळं ७० डिग्रीला अर्ध्या तासात संपतं. ब्रशने घासा, पातेल्यात खाली स्टीलची जाळी ठेवा म्हणजे दगड तापलेल्या बुडाला टेकणार नाही, गार पाण्यात दगड सोडा, मंद आच, छान वाफ निघायला लागली की तेवढ्यावरच अर्धा तास ठेवा, मोठा दगड असेल तर थोडं जास्त, कारण आतपर्यंत ऊब पोचायला वेळ लागतो. झाकण लावू नका. नंतर गॅस बंद करून त्याच पाण्यात गार होऊ द्या, नळाखाली धरायचा मोह आवरा, तडा जातो.

दोन गोष्टी मात्र उकळून सुटत नाहीत. एक, मुठेच्या शहरातल्या पात्रातला दगड. जंतू मरतील, पण सांडपाण्यातलं तेल आणि धातू कसे जाणार? तो आणूच नका. (सिंहगडावरूनही नको, पण ते वेगळ्या कारणाने, आणि ते तुम्हाला माहितीये.)

दुसरी जास्त गंभीर, समुद्री टाकीतला लाइव्ह रॉक, म्हणजे ज्यावर समुद्री जीव वाढलेले असतात तो दगड. त्यावर झोअँथिड जातीचे प्रवाळ असतील तर त्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, भयंकर विष, उकळल्याने ते नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर घरभर पसरतं. असे दगड किचनमध्ये उकळून ताप, खोकला, श्वासाचा त्रास होऊन अख्खी कुटुंबं हॉस्पिटलात गेल्याच्या केसेस परदेशात नोंदल्या गेल्यात. त्याच्यावर गरम पाणी ओतणं पण नको, कोरडा ब्रश मारणं पण नको.

आणि हो, पातेलं परत आमटीला वापरायचं नाही. घरात विचारून एखादं जुनं, पोचे आलेलं मागून घ्या.