काटा खाली आला होता

गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या रेडिएटरचा वरचा होज पाइप नवा, क्लॅम्पही नवे, आणि तरी ती गरम होत होती. दहा वर्षांची पेट्रोल गाडी, मालक निवृत्त काका. घोडबंदर रोडला गायमुखच्या घाटात होज फुटला, वाटेतल्या गॅरेजने बदलून दिला. त्यानंतर महिनाभर एकच रड: ठाण्यात फिरताना ठीक, चढ लागला की तापमानाचा काटा वर.

वागळे इस्टेटमध्ये गाडी उघडली तर आधीच्या मिस्त्रीने थर्मोस्टॅटच काढून टाकलेला. हे पाहिलं की माझं डोकं फिरतं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. तोवर पाणी रेडिएटरकडे सोडत नाही, म्हणून इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. तो काढला की इंजिन थंड राहतं, पेट्रोल जास्त खातं आणि खरा आजार झाकला जातो. वर कूलंटऐवजी बोअरचं पाणी. टाकीच्या तळाशी तांबडा गाळ बसला होता.

नवा थर्मोस्टॅट टाकला, सिस्टिम फ्लश केली, कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं करून भरलं. पुढून गाडी उचलून, हीटर फुल ठेवून एअर लॉक, म्हणजे पाण्यात अडकलेली हवा, काढला. फॅन वेळेवर लागत होता. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ, दुधाळपणा नाही, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं नाही. गाडी दिली. चौथ्या दिवशी काकांचा फोन. "मिस्त्री, परत तेच. घाटातच उभा आहे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. स्वच्छ ऑइल पाहून मी निर्धास्त झालो, ती माझी चूक.

गाडी टो करून आणली, रात्रभर थंड होऊ दिली. सकाळी रेडिएटरचं झाकण काढून स्टार्टर मारला. पाणी अजून गार, आणि तोंडाशी एकामागून एक बारीक बुडबुडे. एअर लॉकचे बुडबुडे थोड्या वेळाने थांबतात; हे रेस केलं की वाढत होते. बंद करून झाकण लावलं, परत चालू केली, तर दोन मिनिटांत होज दगडासारखा कडक. मग टेस्टरमधलं निळं द्रावण रेडिएटरच्या तोंडावर धरलं. बघता बघता ते हिरवट झालं, मग पिवळं. सिलिंडरमधला जळका गॅस पाण्यात येत होता. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, ऑइलच्या बाजूने शाबूत, पाण्याच्या बाजूने गेलेलं. चढावर इंजिनवर लोड आला की गॅस जोरात घुसायचा आणि पाण्याला बाहेर ढकलायचा.

तेव्हा कुठे मी पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न विचारला. "काका, पाइप फुटल्यावर गाडी किती चालवलीत?"

"काटा लालमध्ये गेला होता हो. पण थोड्या वेळात आपोआप खाली आला. मला वाटलं, झाली थंड. म्हणून कासारवडवलीपर्यंत आणली."

सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याचं तापमान सांगतो. पाणी संपलं की तो नुसता हवेत राहतो आणि काटा उतरतो. त्याच वेळी ॲल्युमिनियमचं हेड कोरडं भाजत असतं. हे गाडी विकताना कोणी सांगत नाही, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत नाहीत.

हेड उतरवलं. सरळ पट्टी आडवी ठेवून खालून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, सरकवला. या हेडला ०.०५ मिलीमीटरपर्यंत वाक चालतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये ०.१५ ची पाती अलगद आत गेली. गॅस्केटवर तिथेच करंगळीच्या नखाएवढा काळा पट्टा. हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवलं, तडा नाही ना म्हणून प्रेशर टेस्ट करून घेतली. बोल्ट नवे घेतले, कारण हे बोल्ट आवळताना ताणले जातात. मधून बाहेर अशा क्रमाने टॉर्क रेंचने आवळले. हे काम मी कोणाच्या हातात देत नाही.

बिल सांगताना जीभ जड झाली. होजच्या पैशांत भागलं असतं.

ट्रायलला काकाच चालवत होते, मी बाजूला स्कॅनर घेऊन. एसी चालू, गायमुखचा चढ, पुढे ट्रकची रांग. ९२ अंश, ९४, फॅन लागला, ९१. एका वळणावर काकांनी वेग कमी केला.

"इथेच वाफ आली होती. मागून नुसते हॉर्न. बाजूला घ्यायची कुठे, सांगा तुम्ही?"

मी बाहेर पाहिलं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला ट्रक. मला उत्तर देता आलं नाही.