पाट दिल्यानी काय?

नारळी पौर्णिमेला दोन दिवस होते. पाऊस असा कोसळत होता की ओपीडीच्या पत्र्याखाली समोरच्याचं बोलणं ऐकू येईना. भाड्याच्या ओम्नीतून तिघांनी मिळून एका बाईला उतरवलं आणि बाकावर बसवलं. बसवलं तशा त्या बसल्या. एक पाय जमिनीला टेकलेला, दुसरा चार बोटं वर. दहा मिनिटं झाली तरी तो पाय खाली आला नाही. पदर निथळत होता, केसांची बट ओली होऊन डोळ्यावर चिकटली होती आणि पापणी लवत नव्हती.

त्यांचं नाव, गाव इथे सांगणार नाही. वॉर्डात सगळे त्यांना काकी म्हणायचे, मीही तेच म्हणते. वय पंचेचाळीसच्या पुढे, खाडीकाठचं घर, थोडी भातशेती. मुलगा ट्रॉलरवर कामाला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेवढे दोन महिने तो घरी होता. बंदी उठूनही आईच्या या अवस्थेमुळे बोटीवर गेला नव्हता.

"बारा दिस झाले," काकींचे यजमान सांगत होते. "बोलणा नाय, खाणा नाय. चमच्यान पाणी घातला तर तोंडातच ऱ्हवता."

मी विचारलं, आधी कुठे दाखवलं? जवळच्या दवाखान्यात दोनदा सलाईन लावून झालं होतं. मग ते जरा घुटमळले आणि म्हणाले, देवळात कौल लावला. हिला डॉक्टरकडे न्यायची की बाहेरची बाधा म्हणून घरीच ठेवायची? "देवान उजवो कौल दिल्यान. म्हणान हय हाडली."

मी मूळची घाटावरची. इथे नोकरीला आले तेव्हा कौल, गाऱ्हाणं हे शब्द ऐकले की माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. आता पडत नाहीत. मनोरुग्णालयाची पायरी चढणं ही कोकणातल्या घराला फार जड जाणारी गोष्ट आहे. मुलीचं लग्न जमायचं असतं, वाडीत चर्चा होते, मुंबईचे भाऊबंद फोन करून बोलतात. अशा वेळी ग्रामदेवतेने उजवा कौल दिला, हा त्या माणसाला मोठा आधार होता. देवाचा शब्द आहे म्हटल्यावर चुलत भावांचाही विरोध मावळला. तो कौल दहा दिवस आधी लावला असता तर बरं झालं असतं, एवढंच मला वाटलं.

काकींना काय झालं होतं ते तपासायला लागल्यावर लवकरच लक्षात आलं. मी त्यांचा उजवा हात उचलला, तो उचलला तिथेच राहिला. मनगट वाकवलं तर मेणबत्ती ऊन करून वाकवावी तसं सावकाश वाकलं. खाटेवर निजवल्यावर डोकं उशीला टेकेना, दोन बोटं वरच. अदृश्य उशीवर ठेवावं तसं. आमच्याकडे याला कॅटॅटोनिया म्हणतात. कार्ल कालबाउम या जर्मन डॉक्टरने १८७४ साली यावर पुस्तक लिहिलं. पुढे कित्येक वर्षं हा स्किझोफ्रेनियाचाच एक प्रकार मानला गेला. प्रत्यक्षात तो नैराश्यात आणि उन्मादातही दिसतो, किंबहुना तिथेच जास्त. मेंदूज्वरासारख्या शारीरिक आजारातही दिसतो, म्हणून आधी शरीर तपासावं लागतं. काकींचं नैराश्य जुनं होतं. सहा वर्षांपूर्वी दोन महिने त्यांची झोप आणि भूक गेली होती. तेव्हा कुणी दाखवलं नाही, आपोआप सावरल्या. या वेळी आषाढापासून पुन्हा तेच सुरू झालं होतं आणि भातलावणीच्या गडबडीत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मी लगेच दोन गोष्टी सांगून ठेवल्या. एक, हॅलोपेरिडॉल, म्हणजे भ्रम आणि उन्मादावरचं औषध, द्यायचं नाही. गप्प आणि ताठर झालेल्या माणसाला ते इंजेक्शन दिलं तर ताप, ताठरपणा वाढत जाऊन जिवावर बेतू शकतं. दुसरी, नाडी, ताप, लघवी, पोटऱ्यांची सूज यांवर लक्ष ठेवायचं. न हलणाऱ्या माणसाच्या पायात रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात जाते. कॅटॅटोनियात माणूस मनाच्या आजाराने दाखल होतो आणि शरीराच्या आजाराने जाऊ शकतो.

कागदपत्रं २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे झाली. स्वतः संमती देऊ न शकणाऱ्या रुग्णाला कलम ८९ खाली, प्रतिनिधीच्या अर्जावर, जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतं. रुग्ण स्त्री असेल तर ३ दिवसांत या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य मंडळाला कळवावं लागतं. यजमानांनी अर्जावर सही केली आणि पेन परत देताना विचारलं, "बरी होतली मा?" मी हो म्हटलं. इतकं ठाम हो मी सहसा म्हणत नाही.

रक्ताचे रिपोर्ट यायला संध्याकाळ झाली. कॅटॅटोनिया सोडवायला लोराझेपाम हे गुंगीचं औषध देतात. ते इंजेक्शन दिल्यावर रुग्णाच्या श्वासाकडे कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं आणि रात्रपाळीला वॉर्डात एकच सिस्टर होती. म्हणून ते सकाळी द्यायचं ठरलं. रात्रभर सलाईन चालू राहिली.

त्या संध्याकाळचा राउंड मला लिहायलाच हवा. माझ्यासोबत नवा निवासी डॉक्टर होता, त्याने कॅटॅटोनियाचा रुग्ण आधी पाहिला नव्हता. मी काकींचा हात उचलून दाखवला, "बघ, हवेत राहतो." मग बुश-फ्रान्सिसची यादी समजावली. २३ लक्षणं, त्यातली पहिली १४ चाळणीसाठी. एकेक लक्षण घेतलं, तो लिहून घेत होता. खाटेच्या पायथ्याशी यजमान आणि त्यांचे भाऊ उभे होते. भाऊ हलक्या आवाजात म्हणत होते, "चवथीच्या तोंडार हिचा काय बरावाईट झाला तर सुतक येतला. गणपती खयच्या घरात बसवचो?" मी ते ऐकलं. त्यांना बाहेर जाऊन बोला म्हणायला हवं होतं. माझं लक्ष यादीत होतं, मी काही बोलले नाही.

सकाळी लाईट गेलेली. लोराझेपामच्या कुप्या फ्रीजमध्ये ठेवाव्या लागतात. रात्रपाळीच्या सिस्टरनी मध्यरात्री लाईट गेल्या गेल्या त्या लसींच्या डब्यात बर्फ भरून हलवल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. त्या आता ड्यूटी संपूनही थांबल्या होत्या, केसांना रुमाल बांधून. ऑक्सिजन आणि हाताने श्वास द्यायची अंबू बॅग हाताशी ठेवली. २ मिलिग्रॅम, पाण्यात मिसळून, शिरेतून, सावकाश. खिडकीतून येणाऱ्या मळभी उजेडात मी घड्याळ लावलं.

इंजेक्शन द्यायच्या आधी मी परत त्यांचा हात उचलून पाहिला होता. तो हवेत होता.

तीन मिनिटं काही नाही. चौथ्या मिनिटाला पापणी लवली. एकदाच. मग पुन्हा. काल दुपारपासून न लवलेली पापणी लवताना बघणं काय असतं ते मला नीट सांगता येणार नाही. सिस्टरनी माझा दंड घट्ट धरला. सहाव्या मिनिटाला डोकं उशीवर टेकलं. मग तो हात, हळूहळू, कोपरातून वाकत चादरीवर आला आणि काकी दुसऱ्या हाताने त्याचा दंड चोळू लागल्या. ओठ सुकून चिकटले होते. वॉर्डातल्या मावशींनी ओल्या कापसाने ते पुसले. काकींनी जीभ फिरवली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या,

"पाट दिल्यानी काय?"

मला कळेना. पाट? बसायचा? बाई अजून भ्रमात आहे की काय, असं माझ्या मनात आलं. मावशी मात्र खाटेची कड धरून खाली बसल्या आणि रडायला लागल्या. मग मला म्हणाल्या, "गणपतीचो पाट, मॅडम. शाळेत देतत तो."

इथे मूर्तिकाराच्या कारखान्याला गणपतीची शाळा म्हणतात. चतुर्थीच्या बरंच आधी घराघरातून आपापला लाकडी पाट शाळेत पोचतो आणि त्याच पाटावर त्या घरचा गणपती घडतो. काकींच्या घरी तो पाट धुऊन, पुसून पोचवायचं काम त्या स्वतः करत. नागपंचमीच्या आधीच त्या गप्प झाल्या. पाट राहिला. आणि काल संध्याकाळी त्यांनी सुतकाचं बोलणं ऐकलं होतं. सगळंच ऐकलं होतं.

"माका सगळा आयकाक येय होता," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "बोलूक बघी होतंय, पन तोंड उघडा नाय." मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, तक्रारीने नाही. "बाय, काल तू माझो हात वर ठेवलंस आणि तेका सांगत ऱ्हवलंस. हात दुखत होतो."

तेरा वर्षं मी हे काम करते. कॅटॅटोनियातल्या रुग्णाला सगळं ऐकू येत असतं, कळत असतं, पुष्कळदा नंतर आठवतही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. त्या संध्याकाळीही शिकवलं होतं, काकींचा हात हवेत ठेवून. किती वेळ ठेवला होता ते मी निवासी डॉक्टरला विचारलं. तो खाली बघून म्हणाला, "मॅडम, जवळजवळ आठ मिनिटं." हात शेवटी मी खाली घेतला की सिस्टरनी, हे मला आठवत नव्हतं आणि आजही आठवत नाही.

मी काकींची माफी मागितली. त्यांनी पेज मागितली.

गिळताना ठसका लागत नाही ना, ते आधी पाण्याच्या घोटावर पाहिलं. बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आदल्या दिवशीच सुरू झाली होती. बारा दिवस उपाशी माणसाला एकदम पोटभर जेवू घातलं तर रक्तातले क्षार उलटेपालटे होतात, म्हणून चार चमचेच पेज, मीठ घातलेली. काकींना ते पटलं नाही, आणखी हवी होती. मुलगा बाहेर पायरीवर बसला होता. त्याला आत बोलावलं तेव्हा त्याने दारातूनच "आवशी" अशी हाक मारली आणि तिने मान वळवली. त्याने तिथूनच शाळेत फोन लावला. मूर्तिकार पलीकडून ओरडून बोलत होते, आम्हा सगळ्यांना ऐकू आलं: "दर वर्साचो गणपती. पाटासाठी अडता काय? माती कवाच लावलंय, पाट मागसून हाड."

संध्याकाळी चारच्या सुमारास काकी पुन्हा गप्प झाल्या. या औषधाचा असर काही तासांचा असतो, हे मी घरच्यांना सकाळीच सांगितलं होतं, तरी यजमानांचा चेहरा पाहवेना. डोस दिवसातून तीनदा सुरू केले. दुसऱ्या दिवशी बोलण्याचा काळ वाढला, तिसऱ्या दिवशी त्या स्वतः उठून न्हाणीत गेल्या, सहाव्या दिवशी ताठरपणा पूर्ण गेला. तसं झालं नसतं तर भूल देऊन विजेचे उपचार द्यावे लागले असते. कॅटॅटोनियात ते अतिशय गुणकारी आहेत आणि लोक उगाच घाबरतात. काकींना ते लागले नाहीत. मूळ नैराश्याचं औषध मात्र सुरू केलं आणि ते बराच काळ चालणार हे त्यांना दोनदा समजावलं.

त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात न बोलणाऱ्या रुग्णाच्या खाटेजवळ फक्त त्याच्याशी बोललं जातं. नातेवाइकांशी बोलायला बाहेरची खोली आहे. नाडी बघायची असेल तर "नाडी बघतेय" असं सांगायचं. सिस्टर मंडळी हे माझ्याआधीपासून करत होत्या, असं मला नंतर कळलं.

चतुर्थीच्या चार दिवस आधी काकी घरी गेल्या. विसर्जनानंतरच्या आठवड्यात ओपीडीला आल्या, डब्यात पातोळे घेऊन. वजन दोन किलो वाढलं होतं, झोप बरी होती, पहाटे मात्र अजून जीव घाबराघुबरा व्हायचा. गोळीचा डोस थोडा वाढवला. मग ताठरपणा तपासायचा होता. मी म्हटलं, "काकी, हात जरा उचलते हां."

"थांब गो बाय," त्या म्हणाल्या, "मीच उचलतंय."