ई-टाइप : उघडी की बंद?

आज मित्राच्या उघड्या जीपमधून यवतेश्वरचा घाट चढलो. कासच्या रस्त्याला लागेपर्यंत धुकं अंगावर, भुरभुर पाऊस चष्म्यावर, आणि आमचा नेहमीचा वाद सुरू. जॅग्वार ई-टाइप ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार निवडायची झाली, तर उघडी रोडस्टर की बंद कूपे?

तो रोडस्टरवाला. "लेका, ते सहा सिलिंडरचं इंजिन डोक्यावर आभाळ ठेवूनच ऐकावं." हे मलाही पटतं.

पण मी कूपेवर ठाम आहे. 1961 साली गाडी आली तेव्हापासून दोन्ही रूपं आहेत. आकार देणारा माल्कम सेयर आधी विमानांच्या कारखान्यात होता. हवा कशी वाहील याचं गणित मांडून तो रेषा काढायचा. ती रेषा बॉनेटच्या टोकापासून निघते, काचेवर चढते आणि छपरावरून थेट मागे उतरते, एका दमात! रोडस्टरमध्ये ती काचेपाशीच तुटते, आणि मला ते बघवत नाही.

शिवाय छप्पर म्हणजे नुसता आडोसा नव्हे. ई-टाइपचा मधला भाग मोनोकॉक, म्हणजे पत्र्याचं कवच हाच सांगाडा. वरून छप्पर जोडलं की वळणावर बॉडी कमी पिळते. आपल्या घाटांत याचं मोल फार. मागचं दार बाजूला उघडतं, सामानही मावतं. साताऱ्याच्या पावसात कापडी टपाचा भरवसा मी तरी धरणार नाही.

मागून बघताना कूपेच देखणी, एवढं मित्रानेही मान्य केलं. कुणी दोन्ही चालवल्या असतील तर नक्की लिहा, मनापासून ऐकायचंय.