ऑगरचा गळालेला 'न' आणि माझी जुनी थाप

'ऑगर या अवजाराचे नाव रोममधल्या शकुन पाहणाऱ्या पुरोहितावरून पडले, हे खरे ना?' हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की आता तो कानावर पडताच उत्तराआधी माझा आवाज चढतो. विचारणारे बहुधा तांत्रिक भाषांतर करणारे असतात. लाकडात किंवा जमिनीत खोल, गोल भोक पाडणारे हे पिळाचे अवजार त्यांच्या चांगल्या परिचयाचे असते. 'नाही' एवढे एका शब्दाचे उत्तर देऊन मी आजवर सुटत आलो. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून या वेळी सगळेच सांगतो, कारण ही समजूत पसरवण्यात माझाच हात आहे.

इंग्रजीत हे दोन शब्द उच्चाराने एक आणि लिहायला वेगळे आहेत. अवजाराच्या शब्दात 'जी'नंतर 'ई' येते, पुरोहिताच्या शब्दात 'यू' येतो. पक्ष्यांच्या उडण्यावरून देवांचा कौल सांगणारा रोमचा अधिकृत पुरोहित तो यूवाला ऑगर. उद्घाटनासाठी वापरले जाणारे 'इनॉग्युरेट' हे क्रियापद त्याच्याच शब्दावरून आले, आणि त्यातला 'यू' लक्षात ठेवला की घोटाळा होत नाही. संगणकाची तपासणी मात्र येथे कामाची नाही, कारण दोन्ही शब्द कोशात असल्यामुळे ती चुकीच्या जागीही गप्प राहते.

मी पहिल्यांदा चुकलो तेव्हा संगणक नव्हता. जमिनीत खड्डे घेणाऱ्या एका यंत्राची माहितीपुस्तिका मी मराठीत आणत होतो आणि शेवटी इंग्रजी शब्दांची यादी जोडायची होती. माझे हस्तलिखित टंकित करणाऱ्या बाई वयाने माझ्याहून लहान होत्या. त्यांनी टंकित प्रत माझ्यापुढे ठेवली तेव्हा तीत ऑगर 'ई'ने लिहिलेला होता. माझ्या हस्तलिखितात 'यू' होता. म्हणजे त्यांनी माझी चूक न बोलता दुरुस्त केली होती. मी कोश उघडला नाही. तांबड्या शाईने 'ई'वर काट मारली, समासात मोठा 'यू' काढला आणि 'मूळ पाहून टंकित करावे' असा शेरा मारला. पुस्तिकेत तो शब्द जितक्या ठिकाणी होता तितक्या ठिकाणी त्यांना तो पुन्हा बदलावा लागला.

पुढे काम सोपवणाऱ्या मंडळींची बैठक झाली. त्यांच्या अभियंत्याने यादीवर बोट ठेवून 'हे स्पेलिंग असे कसे?' एवढेच विचारले. मी म्हणालो, 'टंकलेखनातली चूक असेल.' बाई त्याच खोलीत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी फायलीतून तो तांबड्या शाईचा कागद काढला आणि टेबलावर माझ्यासमोर सरळ करून ठेवला. तो समासातला 'यू' मला आजही दिसतो, खाली शाई थोडी पसरलेला.

तेव्हा चूक कबूल करायला दोन वाक्ये पुरली असती. त्याऐवजी मी सांगितले की हे जुने आणि खरे तर अधिक शुद्ध रूप आहे. शकुन पाहणारा जसा डोळ्यांआडचे पाहतो, तसे हे अवजार जमिनीच्या पोटातले पाहते, म्हणून त्याला हे नाव मिळाले. हे मी कुठे वाचलेले नव्हते, तिथल्या तिथे रचले होते. अभियंत्याने ते वहीत उतरवून घेतले, आणि पुढे नव्या माणसांना यंत्र शिकवताना तो ते सांगू लागला, असे माझ्या कानावर आले. बाईंनी नंतर माझे काम घेतले नाही. कारण त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

माझ्या बचावासाठी एवढेच म्हणेन की उच्चार एक असलेल्या शब्दांत नाते शोधण्याचा मोह कुणालाही होतो. पण हा बचाव स्पेलिंगच्या चुकीपुरता चालतो. जी चूक मी दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिली, तिला तो लागू पडत नाही.

खरी हकीकत मी पुष्कळ उशिरा वाचली आणि ती माझ्या थापेहून कितीतरी सुंदर निघाली. जुन्या इंग्रजीत या अवजाराचे नाव 'नाफोगार' होते. 'नाफु' म्हणजे चाकाचा तुंबा, ज्यात आरे बसतात, आणि 'गार' म्हणजे भाला. लसणाच्या 'गार्लिक' या इंग्रजी नावात हाच भाला आहे. आस जाण्यासाठी तुंब्याला आरपार भोक घेणारे, म्हणून तुंब्याचा भाला. पुढे शब्द झिजून 'नॉगर' झाला आणि 'अ नॉगर' बोलताना ऐकणाऱ्यांनी त्याची फोड 'ॲन ऑगर' अशी केली. 1500च्या आसपास 'न' गळालेले रूप दिसू लागते. 'ॲप्रन'चा आणि 'ॲडर' या सापाच्या नावाचाही आरंभीचा 'न' असाच गेला; उलट 'निकनेम'ला शेजारच्या 'ॲन'मधला 'न' येऊन चिकटला, मूळ शब्द 'एकनेम' होता.

आता तुंब्याकडे येतो, कारण मी सगळ्यात जास्त रेंगाळलो तो येथेच. 'नाफु'चे आजचे इंग्रजी रूप 'नेव्ह', आणि बेंबीसाठीचा 'नेव्हल' त्याचाच भाऊबंद. संस्कृतात 'नाभि' म्हणजे बेंबीही आणि चाकाचा तुंबाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या 164व्या सूक्तात 'त्रिनाभि चक्रम्' येते, ते तीन तुंब्यांचे चाक. तेव्हा ऑगरचा जो 'न' गळाला तो आपल्या नाभीचा 'न' होता, हे कळले त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि नेमके येथेच माझा जुना मी मला अडवतो. तो म्हणतो, 'शकुनाची गोष्ट मला गोड वाटली म्हणून मी ती सांगितली. नाभीची तुला गोड वाटते म्हणून तू सांगतोस. फरक काय?' मी त्याला पुरावे दाखवतो. जुन्या जर्मनमध्ये 'नाबागेर' आहे. फिनिश भाषा वेगळ्या कुळातली असूनही तिने शेजाऱ्यांकडून घेतलेला 'नापाकाइरा' आजही 'न'सकट जपला आहे. संस्कृत 'भ'च्या जागी जर्मन कुळात 'ब', 'फ' किंवा 'व्ह' येतो, तो एका शब्दात नव्हे तर अनेकांत. 'भ्रातृ' आणि 'ब्रदर' ही त्यातलीच जोडी. गोष्ट खरी ठरते ती अशा जोड्यांनी, गोडीने नव्हे. चर्चच्या मधल्या दालनालाही 'नेव्ह' म्हणतात आणि मी उत्साहाने त्यालाही नाभीशी जोडून बसलो होतो. ते नाव लॅटिनमधल्या जहाजाच्या शब्दावरून आले आहे, आपल्या 'नौ'च्या नात्यातले. ती जोडणी मी स्वतःच खोडली. एवढे दाखवूनही त्याचे तोंड बंद होत नाही, कारण शकुनाची थाप मारतानाही माझ्या आवाजात असाच ठामपणा होता.

मी मराठीत या अवजाराला 'गिरमिट' लिहितो. त्यावरही आक्षेप आहे: इंग्रजीत एका हाताने फिरवायचे लहान ते 'गिमलेट' आणि दोन हातांचे मोठे ते ऑगर, मग दोघांना एकच शब्द का? आक्षेप रास्त आहे. म्हणून आता यादीत 'मोठे गिरमिट' लिहितो, समाधान होत नसले तरी. इंग्रजी शब्द शेजारी देताना मात्र कोश उघडतो, 'जी'नंतरच्या 'ई'वर बोट ठेवतो आणि मगच पान पुढे पाठवतो. तो तांबड्या शाईचा कागद त्या दिवशी बाईंनी परत फायलीत ठेवला होता. ती फाईल माझ्याकडे नाही.