शेपटीतले दोन किलो

उड्डाणं बंद असतात त्या महिन्यांत ग्लायडरवाले दोनच कामं करतात. पंख घासतात आणि वाद घालतात. वादाचा विषय ठरलेला: सगळ्यांत चांगलं ग्लायडर कुठलं? उत्तर कुणालाच नको असतं. ते सापडलं तर पुढच्या वर्षी घासताना बोलायचं काय?

मी वर्कशॉपचा माणूस. हंगाम संपला की क्लबची आणि सभासदांची ग्लायडरं पंख उतरवून माझ्याकडे येतात. इंजिनच नाही तर तपासायचं काय, असं बाहेरच्यांना वाटतं. इंजिन नाही म्हणून तर वैमानिकाच्या भरवशाला चार सळ्या, दोन तारा आणि काही बोल्ट एवढंच उरतं. ते मी बघतो. घासायचं काम सभासदांचं: वॉटर पेपर, लाकडी ठोकळा, पाण्याची बादली आणि तोंड. यातलं तोंड सगळ्यांत जास्त झिजतं.

लाकडाच्या बाजूने आमचे जुने प्रशिक्षक, का-६वाले काका. रुडॉल्फ कायझरने आखलेलं हे ग्लायडर १९५५ साली पहिल्यांदा उडालं. एक किलोमीटर उंचीवरून ते साधारण तीस किलोमीटर जातं, म्हणजे त्याचा ग्लाइड तीस, आजच्या हिशेबात फारच कमी. पण मरतुकड्या थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, ते चढत राहतं आणि खाली घरंगळणाऱ्या प्लॅस्टिकवाल्यांकडे (म्हणजे फायबरग्लासच्या ग्लायडरांकडे) बघून काका हात हलवतात. दुसऱ्या टोकाला फ्लॅपवाले, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली वळणाऱ्या पट्ट्या असलेल्या ग्लायडरांचे भक्त. त्यांचं म्हणणं, पीआयके-२०चे फ्लॅप ९० अंशांपर्यंत खाली येतात, असं ग्लायडर घेऊन इंगो रेनर १९७६ साली स्टँडर्ड वर्गात जगज्जेता झाला, मग चर्चा कसली? त्यावर कुणीतरी हमखास एएसडब्ल्यू-१२ काढतं. हान्स-व्हेर्नर ग्रोसे २५ एप्रिल १९७२ ला ल्यूबेकहून निघाला आणि १४६० किलोमीटरवर बियारित्झला उतरला, तेही एअरब्रेक (उतरताना पंखावर उघडणाऱ्या पट्ट्या) नसलेलं ग्लायडर घेऊन. उतरताना वेग मारायला शेपटीत एक पॅराशूट, बस. ते उघडलं नाही तर? इथे काका ठोकळा खाली ठेवतात आणि पुढचा अर्धा तास कुणी काही घासत नाही.

ब्लानिक या धातूच्या शिकाऊ ग्लायडरवर शिकलेले मात्र या वादात गप्प असतात. २०१० साली ऑस्ट्रियात एका एल-१३ ब्लानिकचा पंख धातूच्या थकव्याने हवेत तुटला आणि जगभरची ब्लानिक जमिनीवर आली. ज्यांनी पहिलं एकट्याचं उड्डाण त्यावर केलं, त्यांच्यासमोर ब्लानिकची चेष्टा करू नये, एवढी शिस्त आमच्याकडे आहे.

वर्कशॉपवाल्याला त्याची आवड कुणी विचारत नाही. विचारली तर मी म्हणेन, एलएस-४ची नंतरची बी आवृत्ती. ती उडते कशी हा प्रश्न माझ्यासाठी दुय्यम आहे. पंख जोडला की तिचे कंट्रोल, म्हणजे पंखावरच्या हलत्या पट्ट्यांकडे जाणाऱ्या सळ्या, आपोआप जोडले जातात, हे महत्त्वाचं. जुन्या बऱ्याच ग्लायडरांत लोतेलिए पद्धतीचे सांधे असतात. कॉकपिटमागच्या झाकणातून हात कोपरापर्यंत आत घालायचा, सळीच्या टोकाची वाटी चाचपून गोळीवर बसवायची, आतली पाचर पूर्ण सरकली का ते बारीकशा भोकातून बघायचं आणि त्या भोकात पिन घालायची. वाटी गोळीवर नुसती टेकली असेल तरी जमिनीवर सगळं व्यवस्थित हलतं. सुटते ती वर गेल्यावर. अशा सुटलेल्या सांध्यांनी माणसं गेली आहेत. म्हणून एकाने स्टिक, म्हणजे कॉकपिटमधला ग्लायडर वळवायचा दांडा, हलवायची आणि दुसऱ्याने बाहेर एलेरॉन, म्हणजे पंखाच्या टोकाकडची हलती पट्टी, हाताने अडवून धरायचं, ही तपासणी दर वेळी करायची असते. सगळे करतात का? सकाळी थर्मल लवकर सुरू झाले की निम्मे करत नाहीत. हँगरमध्ये ग्लाइडच्या आकड्यांवरून तासन्‌तास भांडणारी हीच माणसं.

आता मूळ गोष्ट.

या वेळचा मुख्य सामना होता स्टँडर्ड सिरस विरुद्ध एलएस-४. सिरस हे क्लाउस होलिगहाउसचं डिझाइन, १९६९ सालचं, आणि एलएस-४ १९८०च्या आसपासचं. माहितीपत्रकात एकाचा ग्लाइड ३८च्या आसपास, दुसऱ्याचा ४०. या दोन आकड्यांवरून जेवढा घसा कोरडा झाला, त्याहून जास्त फरक पंखाच्या पुढच्या कडेवर चिकटलेले किडे पाडतात. शिवाय कंपनीचे आकडे हे कंपनीचे आकडे. अमेरिकेत डिक जॉन्सनने वर्षानुवर्षं एकेक ग्लायडर स्वतः उडवून मोजलं, आणि पुष्कळदा मोजमाप माहितीपत्रकापेक्षा खालीच आलं. हे मी एकदा सांगितलं. दोन्ही बाजूंनी मला गप्प बसवलं.

सिरसवाला आमच्यातला तरुण, अंगाने काडी. ग्लायडर त्याने जुनं घेतलेलं, पण त्याच्यावर जीव. "दादा, याला हात लावावा लागत नाही. मनात आलं की वळतं." सिरसचा आडवा शेपटीपंख सबंधच्या सबंध हलतो, स्टिक मुळातच हलकी. एएसडब्ल्यू-१५ आणि सुरुवातीचं एलएस-१ही तसंच होतं. पुढे एएसडब्ल्यू-१९ आणि एलएस-१एफ आली तेव्हा दोन्ही कारखान्यांनी ती पद्धत सोडून नेहमीचं एलिव्हेटर, म्हणजे स्थिर शेपटीपंखामागची हलती पट्टी, लावलं. एलएस-४वाल्या ताई हाच मुद्दा दर वेळी काढायच्या. आणि त्यासोबत आणखी एक वाक्य, कारण त्याचं सिरस त्यांनी एकदा मागून घेऊन उडवलं होतं: "तुझं ग्लायडर हाताला काही सांगतच नाही रे. नाक कुठे ठेवू, असं मलाच विचारत राहतं."

सगळे हसले. एलएस-४वाल्या आहेत, असंच बोलणार.

त्याच आठवड्यात सिरसचं वजन करायची पाळी आली. ग्लायडरचं वजन करणं हे माझ्या कामातलं सगळ्यांत आवडतं काम, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. हँगरची दारं बंद करायची, कारण झुळूक आली तरी पंख उचल खातो आणि काटा खोटं बोलतो. पाण्याच्या टाक्या रिकाम्या. बॅटऱ्या, गाद्या, उपकरणं जागच्या जागी, पॅराशूट बाहेर. चाकाच्या खोबणीतला वाळलेला चिखल खरवडून काढायचा. मुख्य चाक एका काट्यावर, शेपटीचं चाक दुसऱ्यावर. मग शेपटीच्या नळीवर पुस्तिकेत दिलेल्या उताराची पाचर ठेवायची, वर पाणसळ, आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत शेपटी वर-खाली करायची. पंखाच्या टोकाला एक माणूस, त्याने बोटाने नुसता तोल धरायचा, भार घ्यायचा नाही. (या कामाला मी काकांनाच उभं करतो. बाकीचे बोलता बोलता टेकतात.) पंखाच्या मुळाशी पुढच्या कडेवरून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खूण करायची, तिथून चाकाचं अंतर आणि चाकापासून शेपटीचं अंतर मोजायचं. एवढ्यावरून गुरुत्वमध्य, म्हणजे ग्लायडरचा तोल जिथे साधतो तो बिंदू, निघतो.

शेपटीचा काटा जुन्या कागदापेक्षा २.२ किलो जास्त दाखवत होता.

मी काटे अदलाबदल केले. पुन्हा तेच. पाचर, पाणसळ, अंतरं पुन्हा पाहिली. काकांना म्हटलं, "टेकला नाहीत ना?" त्यांनी उत्तरही दिलं नाही, नुसतं बघितलं.

दोन किलो म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण शेपटी गुरुत्वमध्यापासून जवळजवळ चार मीटर मागे असते आणि वैमानिक जेमतेम मीटरभर पुढे. तराजूची दांडी एका बाजूला लांब असावी तसं. शेपटीवरचं एक किलो फिटवायला सीटवर साडेचार किलो लागतात. म्हणजे कॉकपिटमध्ये लावलेल्या पाटीवर किमान ७० किलो लिहिलं होतं, तिथे आता ८० हवे होते. सिरसवाला पॅराशूटसकट ७२. कागदावर तो मर्यादेच्या आत दोन किलोने होता, प्रत्यक्षात आठ किलोने बाहेर. गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेच्याही साधारण दोन सेंटीमीटर मागे.

गुरुत्वमध्य मागे सरकला की ग्लायडर लाडात येतं. स्टिकवर जोर लागत नाही, थर्मलमध्ये हळू वळणं सोपं जातं, शेपटीला खाली दाबावं लागत नाही म्हणून ओढही किंचित कमी होते. 'मनात आलं की वळतं' ते यामुळे. मर्यादा ओलांडली की हेच ग्लायडर स्वतःहून सरळ राहायचं विसरतं, आणि स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली पडण्यात, गेलं तर बाहेर येईल याची हमी कारखाना देत नाही. सिरस तसंही मंद गतीत फार माफ करणारं ग्लायडर नाही.

वजन आलं कुठून? नोंदवही चाळली. आधीच्या मालकाच्या काळात एका वर्कशॉपने उभ्या शेपटीचं आणि रडरचं, म्हणजे तिच्या मागच्या हलत्या भागाचं, काम केलं होतं. नोंद एका ओळीची: पृष्ठभाग दुरुस्त केला. मी कडेला थोडं घासून पाहिलं. तडकलेला जुना जेलकोट (वरचा कडक लेप) तसाच, त्यावर फिलर, त्यावर नवा थर, त्यावर रंग. जुना थर आधी उतरवायचा असतो. त्यात हात मोडतात, तास जातात आणि त्याचे पैसे द्यायला मालक कुरकुरतो, हे मला ठाऊक आहे. पण न उतरवता वर थापायचं आणि मग वजनही करायचं नाही? नवा वजनतक्ता जुन्यावरूनच उतरवलेला, खाली सही झोकदार. त्यात मधेच कधीतरी शेपटीला जड चाक बसवलेलं, त्याची नोंदच नाही. रडर काढून वेगळं तोललं, कारण रडर जड झालं तर वेगात फडफडायला लागायची भीती असते. ते मर्यादेत निघालं, अगदी काठावर.

सिरसवाल्याला तक्ता दाखवला. घाबरेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "दादा, पण मग हेच ते, जे मला आवडतं?"

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. ताई शेजारीच होत्या. त्यांनी एरवी अशी संधी सोडली नसती, पण त्या उठून पाणसळ पुसत बसल्या.

मला राहून राहून त्यांचं ते वाक्य आठवतं. "नाक कुठे ठेवू, असं मलाच विचारत राहतं." हेच जर दुरुस्तीच्या वहीत आलं असतं, 'पिचमध्ये (नाक वर-खाली करताना) स्टिकला विरोध जाणवत नाही', तर ग्लायडर त्याच दिवशी काट्यावर चढलं असतं. एका अनुभवी वैमानिकाने दोष अचूक सांगितला होता. पण सांगितला चहाच्या वेळी, आणि त्या प्रतिस्पर्धी गटाच्या, म्हणून तो टोमणा ठरला. आणि समोरच्याने तोच दोष गुण म्हणून सांगितला होता, तोही तितकाच अचूक. दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलत होते. आता वादात कुणी एखाद्या ग्लायडरचं फार कौतुक करायला लागलं की मी विचारतो, शेवटचं वजन कधी केलंस? त्यामुळे माझी लोकप्रियता आणखी घटली आहे.

पुढचं काम सरळ होतं. पुस्तिकेत दिलेल्या जागी, पेडलांच्या पुढे, शिशाच्या पट्ट्या बोल्टने बसवल्या. ती जागा सीटपेक्षा बरीच पुढे असल्याने गुरुत्वमध्य नुसता मर्यादेवर आणायला साडेतीन-चार किलो पुरले असते. मी सात घातले, म्हणजे तो मर्यादेच्या आत साधारण दोन सेंटीमीटर आला. हंगाम सुरू झाल्यावर सिरसवाल्याने उडवून पाहिलं. खाली आला, कॅनॉपी उघडली आणि म्हणाला, "दुसरंच ग्लायडर आहे हे." ताईंनी त्याच दुपारी उडवलं आणि त्यांना ते आवडलं, याचा त्याला जास्त राग.

शेपटी पुन्हा नीट करायची ठरली आहे. थर उतरवायचे, जड चाक काढायचं, मग परत काट्यावर. ते होईपर्यंत त्याचा हट्ट आहे की सातऐवजी पाच किलो ठेवा. तरीही मर्यादेच्या आत जवळजवळ एक सेंटीमीटर उरतो, नियमात बसतं, आणि हिशेब त्याने बरोबर केलाय. मी सातावर आहे, कारण हा मुलगा उन्हाळ्यात आणखी बारीक होतो. काका त्याच्या बाजूने, ताई माझ्या. एलएस-४वाल्या आहेत, असंच बोलणार, असं तो म्हणतो.