सिद्धता पूर्ण करून ती गेली

शुद्ध गणितात संशोधन करणाऱ्याच्या दिवसात बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही. बहुतेकांना वाटतं, आम्ही बसून काहीतरी सुचण्याची वाट पाहतो. खरं तर आमचा वेळ जातो तो स्वतःच लिहिलेल्या ओळींवर संशय घेण्यात. इथे भागाकार केला, तो भाजक शून्य तर नव्हता ना? ही बेरीज अनंत पदांची आहे, तिचा क्रम बदलायची परवानगी कुणी दिली?

त्या दिवशी माझी पीएचडीची विद्यार्थिनी सकाळीच आली, ती कॅरेक्टरिस्टिक २ ची केस सोडवून. यात काय विशेष ते नीट सांगते. आमचं काम सांत क्षेत्रांवरच्या वक्रांचं, म्हणजे मोजक्याच संख्या असलेल्या जगात मांडलेल्या समीकरणांचं. समजा, ५ ने भागल्यावर उरणाऱ्या बाक्या, म्हणजे ० ते ४, एवढ्याच संख्या आहेत. त्यांत ‘य वर्ग बरोबर क्ष घन अधिक क्ष अधिक १’ या समीकरणाची उत्तरं मोजली तर ८ निघतात, अनंतावरचा बिंदू धरून ९. पाचाच्या जागी दुसरी अविभाज्य संख्या घ्या. मोजके अपवाद वगळले तर बिंदूंची संख्या त्या अविभाज्य संख्येहून एकाने मोठ्या आकड्याच्या आसपासच राहते, फरक फार तर वर्गमुळाच्या दुप्पट. हे हेल्मुट हासेनं १९३०च्या दशकात सिद्ध केलं. त्याहून गुंतागुंतीच्या वक्रांसाठीची वाट आंद्रे वेलला १९४० मध्ये तुरुंगात असताना सापडली.

आणि मग ती अविभाज्य संख्या २ असते, तीच कॅरेक्टरिस्टिक २ ची केस. तिथे १ अधिक १ शून्य होतं, अधिक-वजातला फरक मिटतो, आणि पूर्ण वर्ग करण्याची शाळेतली युक्ती चालत नाही, कारण तिला २ ने भागावं लागतं. कितीतरी शोधनिबंधांत ‘२ ची केस अशीच हाताळता येते’ असं एक वाक्य लिहून लेखक पुढे निघून जातात. मला त्या वाक्याचा मनापासून राग येतो. ती केस ‘अशीच’ हाताळता येत नाही. तिथे वर्गमुळाच्या जागी आर्टिन-श्रायर समीकरण घ्यावं लागतं, य वर्ग अधिक य, आणि प्रत्येक ध्रुवाची, म्हणजे जिथे फलन अनंताकडे जातं त्या बिंदूची, कोटी आधी विषम करून घ्यावी लागते. तिनं ते सगळं फळ्यावर मांडलं. एकही पायरी गाळली नव्हती. मी जिथे जिथे अडवलं तिथे तिच्याकडे उत्तर तयार होतं. इतकी स्वच्छ सिद्धता माझ्या विद्यार्थ्यांकडून मी क्वचितच ऐकली आहे.

मग खडू ठेवून ती म्हणाली, “मॅडम, हा लेमा, हे मोठ्या सिद्धतेतलं छोटं प्रमेय, झालं. पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही.”

एका मदतसंस्थेत ती रुजू होणार होती. कुठल्या गोदामात किती धान्य ठेवायचं, कुठल्या रस्त्यानं ट्रक पाठवायचे, थोड्या पैशांत पोषण पुरं कसं करायचं, हे ठरवणाऱ्या गटात. तिनं त्या विषयाचा पूर्ण अभ्यास केला होता. १९४५ मध्ये अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलरनं ७७ पदार्थ आणि ९ पोषक घटक घेऊन जवळजवळ सर्वांत स्वस्त आहार अंदाजानं शोधला होता. १९४७ मध्ये गणिती डॅन्त्सिगच्या सिम्प्लेक्स पद्धतीनं, जी ठरलेल्या अटींत सर्वांत कमी खर्चाचा पर्याय शोधते, तेच गणित पुन्हा केलं तेव्हा नऊ कारकुनांना हिशेबाच्या यंत्रांवर मिळून १२० मनुष्यदिवस लागले. आज जागतिक अन्न कार्यक्रम याच घराण्यातल्या गणितानं आपला पुरवठा आखतो.

मी तिला थांबवायचा प्रयत्न केला, आणि सगळे करतात तोच युक्तिवाद केला. निधीच्या अर्जांत ‘सामाजिक उपयुक्तता’ असा रकाना असतो. माझे बहुतेक सहकारी तिथे एकच परिच्छेद वर्षानुवर्षं चिकटवतात: गणिती हार्डी १९४० मध्ये म्हणाला की संख्या सिद्धांताचा युद्धाला उपयोग नाही, १९७७ मध्ये त्याच सिद्धांतावर उभी असलेली आरएसए ही कूटलेखनाची पद्धत आली, १९८५ मध्ये आमचे वक्रही कूटलेखनात आले. त्याच्या जोडीला गणिती रॅडॉन. त्यानं १९१७ मध्ये दाखवलं की सर्व रेषांवरची संकलनं, म्हणजे प्रत्येक रेषेवरच्या किमतींची बेरीज, माहीत असली तर मूळ फलन परत मिळतं, आणि त्यातूनच पुढे सीटी स्कॅन आलं.

“त्यातून नाही आलं,” ती म्हणाली. “सीटी स्कॅनचं गणित मांडणाऱ्या कॉर्मॅकला रॅडॉनचा निबंध माहीतच नव्हता. त्यानं ते गणित स्वतः केलं, १९६३-६४ मध्ये छापलं. रॅडॉनचं नाव त्याला काही वर्षांनी कळलं. नोबेल १९७९ चं. रॅडॉन जन्मलाच नसता तरी स्कॅनर आला असता.”

हे खरं आहे. आणि आम्ही सगळे हे उदाहरण जाहीर व्याख्यानांत देत असतो. मी एकोणिसाव्या शतकातल्या गाल्वा या गणितीचं नाव काढलं. सांत क्षेत्रं त्याची, आणि १९६० मध्ये रीड आणि सॉलोमननं त्यांवरच दोषनिवारक संकेत, म्हणजे पाठवलेल्या माहितीतल्या चुका दुरुस्त करणारे संकेत, उभे केले, जाणूनबुजून, तयार सिद्धांत हाताशी घेऊन. ते तिनं मान्य केलं. पण पुढे विचारलं, “आपण आज जे सिद्ध केलं, ते अशा यादीत जाईल असं तुम्हाला खरंच वाटतं?”

नाही वाटत. मी तसं सांगितलं. उपयोगी ठरलेल्या प्रमेयांची यादी करताना न ठरलेली मोजायची नाहीत, हा हिशेब गणित शिकवणाऱ्यांना शोभत नाही.

मग तिनं ग्रोथेन्डीक काढला. विसाव्या शतकातला बहुधा सर्वांत खोल गणिती. आपल्या संस्थेत लष्कराचा पैसा येतो हे कळल्यावर १९७० मध्ये त्यानं ती सोडली आणि पर्यावरण व युद्धविरोधाच्या कामाला लागला. मी म्हटलं, त्याच ग्रोथेन्डीकनं १९६७ मध्ये व्हिएतनाममध्ये व्याख्यानं दिली होती. हनोईवर बॉम्ब पडत होते म्हणून वर्ग जंगलात हलवले होते. तिथली माणसं ऐकायला बसली होती ती अमूर्त बीजगणित. संकटातल्या माणसाला फक्त धान्य हवं असतं, हे आपण बाहेरून कसं ठरवतो?

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ते सगळं पाहूनही तो तीन वर्षांनी गेलाच ना, मॅडम.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मला अधिक स्पष्ट दिसते आहे. भूक प्रमेयावाचून अडलेली नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं की खरा प्रश्न एकूण धान्याच्या तुटीपेक्षा ते धान्य मिळवण्याची ताकद लोकांकडे न उरण्याचा होता. आम्ही सगळे फळे पुसून बाहेर पडलो तरी तो प्रश्न तसाच राहील. म्हणून ‘जग उपाशी असताना हे कशाला’ या प्रश्नाला ‘कधीतरी उपयोग होईल’ हे उत्तर मी आता देत नाही. २ ची केस खरी आहे की खोटी, हे माणसाला कळावं असं मला वाटतं, आणि ते कळण्यासाठी कुणीतरी आयुष्य द्यावं लागतं. हे काम मी त्यासाठी करते. ते ज्याला पुरत नाही त्यानं जावं, आणि ती गेली ते तिनं योग्यच केलं. तरी ती गेली याचं दुःख मला आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत.

तिचं शिफारसपत्र मी त्याच आठवड्यात लिहिलं. निबंधावर आपलं नाव नको, असं ती म्हणत होती. मी ऐकलं नाही, २ चं संपूर्ण प्रकरण तिचंच आहे. यंदाच्या अर्जात ‘सामाजिक उपयुक्तता’ या रकान्यात मी लिहिलं, ‘थेट उपयोग आज माहीत नाही’, आणि त्याखाली आम्हाला नेमकं काय सिद्ध करायचं आहे ते चार ओळींत साध्या भाषेत मांडलं. विभागप्रमुखांनी जुना परिच्छेद परत घालायला सांगितलं. मी घातला नाही. समिती पुढच्या महिन्यात बसेल.